फोटोखालची ती एक ओळ

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालं की घाट सुरू होण्याआधी वैशाखरे गाव लागतं. तिथून चढण चढून नाणेघाटाच्या तोंडाशी पोहोचलं की कातळात खोदलेलं एक लेणं दिसतं. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नावाशी जोडलेला. येणारे-जाणारे त्याचे फोटो काढतात. मागच्या भिंतीकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. तिथे एकेकाळी माणसाएवढ्या उंचीच्या आठ मूर्ती होत्या. आज त्या नाहीत. पण ज्याच्या-त्याच्या डोक्यावर कोरलेल्या नावांपैकी काही अजून वाचता येतात: राजा सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि श्रीसातकर्णी, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी.

दोन हजार वर्षांत चित्र गेलं आणि त्यावरची ओळ उरली. सिमुक दिसायला कसा होता, हे आपल्याला आता कळणार नाही. त्याची मूर्ती या भिंतीवर होती, एवढं मात्र त्या एका ओळीमुळे पक्कं माहीत आहे.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी बरीच वर्षं काढली. फोटोखालच्या मजकुराला आमच्याकडे ‘फोटोओळ’ म्हणतात. वार्ताहर बातमीच्या शेवटी ‘फोटो ओळ :’ असं लिहून ती पाठवतात. रात्री पान सोडायच्या घाईत सगळ्यात शेवटी जिच्यावर नजर जाते आणि सकाळी वाचक सगळ्यात आधी जी वाचतो, ती ही ओळ. मथळ्यावर आम्ही अर्धा तास वाद घालतो, ओळीला दोन मिनिटं मिळतात. हे प्रमाण चुकीचं आहे असं मला तेव्हाही वाटायचं. आज व्हॉट्सअॅपमुळे प्रत्येकाच्याच हातात फोटो आणि त्याखालची ओळ आली आहे, तेव्हा तर ते जास्तच जाणवतं.

या ओळीची गरज का पडते? साधा फोटो डोळ्यांसमोर आणा. एक बाई आहे, कपाळभर गुलाल, डोळ्यांत पाणी, मागे गर्दी. मुलगा पोलीस भरतीत निवडला गेला का? ती स्वतः सरपंच झाली का? की गणपती विसर्जनाची मिरवणूक आहे? फोटोत गुलाल दिसतो, गुलालाचं कारण दिसत नाही. ती कोण, कुठली, कोणत्या दिवशीची, हेही दिसत नाही. कॅमेरा एका क्षणाचा एक चौकोन कापून घेतो. त्या चौकोनाच्या बाहेर काय होतं आणि आधी-नंतर काय घडलं, ते फोटोत येतच नाही. ते बाहेरून कोणीतरी सांगावं लागतं.

फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी १९६४ साली एका निबंधात हे नेमकं मांडलं. चित्राचे अर्थ एका वेळी अनेक असतात आणि ते तरंगत असतात, शब्द त्यातला एक अर्थ धरून ठेवतात. त्यासाठी त्यांनी जहाजाच्या नांगराची उपमा वापरली. नांगर टाकला की जहाज जागेवर राहतं. पण नांगर कुठे टाकायचा हे जहाज ठरवत नाही, टाकणारा ठरवतो. सगळी ताकद त्यात आहे आणि सगळा धोकाही.

जिझेल फ्रॉइंड या छायाचित्रकार बाईंनी आपल्या पुस्तकात स्वतःचा एक अनुभव लिहून ठेवला आहे, तो मी डेस्कवर नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगायचे. दुसऱ्या महायुद्धाआधीची गोष्ट. फ्रॉइंड यांनी पॅरिसच्या शेअर बाजारात एका दलालाचे फोटो काढले. काहींत तो हसतोय, काहींत चेहरा चिंतेनं ओढलेला, घाम पुसतोय. ‘पॅरिसच्या शेअर बाजारातली क्षणचित्रं’ अशा निरुपद्रवी नावानं त्यांनी ते युरोपातल्या वेगवेगळ्या वर्तमानपत्रांना पाठवले. काही दिवसांनी कात्रणं आली. बेल्जियमच्या वर्तमानपत्रानं छापलं होतं की बाजारात तेजी आहे, भाव आभाळाला भिडलेत. जर्मनीतल्या वर्तमानपत्रानं त्याच बाजाराबद्दल छापलं की हाहाकार उडाला आहे, लोकांची संपत्ती बुडाली आहे. फोटोंमध्ये कोणी काही खोडलं नव्हतं, काही जोडलं नव्हतं. फक्त ओळी बदलल्या होत्या.

कधी एका शब्दातही हे होतं. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत कत्रीना चक्रीवादळानं न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेलं. त्या दिवसांत दोन वृत्तसंस्थांचे दोन फोटो इंटरनेटवर शेजारी-शेजारी फिरू लागले. एका फोटोत छातीभर पाण्यातून सामान घेऊन जाणारा कृष्णवर्णीय तरुण. ओळ होती, किराणा दुकान ‘लुटल्यानंतर’ पाण्यातून जाणारा तरुण. दुसऱ्यात तसंच पाणी, हातात तसंच खाण्यापिण्याचं सामान, पण माणसं गोरी. ओळ होती, दुकानातला ब्रेड आणि सोडा ‘सापडल्यानंतर’ पाण्यातून जाणारे दोन रहिवासी. देशभर संताप उसळला. पहिल्या वृत्तसंस्थेचं म्हणणं होतं की तो तरुण दुकानात शिरून सामान घेऊन बाहेर येताना आमच्या छायाचित्रकारानं पाहिलं. दुसऱ्या छायाचित्रकाराचं म्हणणं होतं की वस्तू दुकानातून वाहून पाण्यावर तरंगत होत्या, त्या या दोघांनी उचलल्या. दोघांनीही आपापल्या जागी पाहिलं तेच लिहिलं असेल, असं मी धरून चालते. तरीही वाचकांना राग आला तो समजण्यासारखा होता. पूर आलेल्या शहरात उपाशी माणूस दुकानातून पाव घेतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न छायाचित्रकाराच्या डोळ्यांनी सुटत नाही. तो शब्द निवडणाऱ्याला सोडवावा लागतो.

आपल्याकडे असे शब्द रोज येतात. एकच जेसीबी, एकच पडकी भिंत. ‘अतिक्रमणांवर कारवाई करताना पालिकेचे पथक’ असं लिहिलं की बघणारा पथकाच्या बाजूनं बघतो. ‘घर पाडले जात असताना सामान आवरणारे कुटुंब’ असं लिहिलं की त्याच फोटोत आधी न दिसलेली ट्रंक आणि गॅसची टाकी दिसायला लागते. दोन्ही ओळी खऱ्या आहेत. म्हणूनच लिहिणाऱ्यानं आपण कोणत्या बाजूला उभे राहून लिहितोय याची जाणीव ठेवायला हवी. ‘जमाव’ म्हणायचं की ‘नागरिक’, ‘घुसले’ म्हणायचं की ‘आत गेले’, हे सवयीनं लिहून टाकायचे शब्द नाहीत.

मराठी फोटोओळीची स्वतःची एक चाल आहे आणि मला ती आवडते. आधी गावाचं नाव, मग विसर्गासारखं चिन्ह, मग ‘-ताना’. ‘वाई : येथे रक्तदान शिबिराचे उद्घाटन करताना नगराध्यक्ष. शेजारी…’ वाक्याला शेवटचं क्रियापद नाही. करताना, बोलताना, स्वीकारताना. हा ‘-ताना’ क्षणाला जागच्या जागी थांबवतो, अगदी कॅमेऱ्यासारखा. अमेरिकेतली असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था ओळीतलं पहिलं वाक्य वर्तमानकाळात लिहायला सांगते आणि संदर्भ दुसऱ्या वाक्यात भूतकाळात. त्यामागची जाणीव तीच आहे, फोटोत ती गोष्ट अजून चालू असते.

आणि हे नवंही नाही. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावरची बरीचशी शिल्पं आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. त्यांतल्या एका शिल्पात बैलगाडीतून नाणी उतरवून जमिनीवर अंथरली जात आहेत. खाली ब्राह्मीत कोरलं आहे, ‘जेतवन अनाधपेडिको देति कोटिसंथतेन केता’. म्हणजे, कोटी नाणी अंथरून विकत घेतलेलं जेतवन हे उपवन अनाथपिंडिक हा व्यापारी बुद्धाला देतो. ‘दिलं’ नाही, ‘देति’. तो अजून देतोच आहे. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, ही माझ्याच धंद्यातल्या माणसानं लिहिलेली ओळ आहे. कोण, काय आणि जे नुसतं बघून कळणार नाही ते, म्हणजे ही नाणी जमिनीवर का पसरली आहेत. तीनही गोष्टी पाच शब्दांत.

याच मराठी चालीत दोन वाईट सवयी मात्र घट्ट बसल्या आहेत. एक म्हणजे ‘आदी मान्यवर’. व्यासपीठावरच्या पाच जणांची नावं येतात आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता ती शाळेची पोरं ‘आदी’त जातात. दुसरी, जे दिसतंय तेच परत सांगायचं. ‘दीपप्रज्वलन करताना पाहुणे.’ समई दिसते आहे, पाहुणे दिसत आहेत. ते कोण आहेत आणि का आले, तेवढं सांगा.

‘डावीकडून’ या शब्दाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्यानं मला झोपेतून उठवलं आहे. एका शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचा सत्कार होता. सात जणांचा फोटो, खाली डावीकडून सात नावं. रात्री साडेअकराला जाहिरात आली, फोटो अर्ध्या कॉलमनं लहान करावा लागला आणि पान लावताना डावीकडचे पहिले गृहस्थ कापले गेले. नावं सातच राहिली. म्हणजे प्रत्येक नाव शेजारच्या माणसाला चिकटलं. ज्यांचा सत्कार होता त्या बाईंच्या चेहऱ्याला भलत्याच माणसाचं नाव लागलं. ओळ माझ्या नजरेखालून गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मुलगा कचेरीत आला. पिशवीतून अंक काढून त्यानं टेबलावर ठेवला. रागावला नाही. म्हणाला, ‘आईसाठी लॅमिनेट करून घेणार होतो.’ आम्ही तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्ती छापली. दुरुस्तीचं कात्रण कोणी जपून ठेवत नाही. तेव्हापासून नावं आणि डोकी मोजल्याशिवाय मी एकही समूहछायाचित्र सोडलं नाही.

अशा चुका जगातल्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंमध्येही झाल्या आहेत. २३ फेब्रुवारी १९४५ ला जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकी सैनिक झेंडा उभारताना छायाचित्रकार जो रोझेन्थल यांनी फोटो काढला. त्यावरून स्मारक उभं राहिलं, टपाल तिकीट निघालं. त्यातल्या सहा सैनिकांची नावं शाळेतल्या मुलांनी पाठ केली. पुढे अमेरिकी मरीन कॉर्प्सनं २०१६ मध्ये एक आणि २०१९ मध्ये आणखी एक नाव चुकीचं असल्याचं मान्य केलं. सत्तर वर्षं फोटोतली दोन माणसं दुसऱ्यांच्या नावानं ओळखली जात होती.

वर्तमानपत्रात कधीकधी फोटोच्या कोपऱ्यात किंवा ओळीच्या शेवटी बारीक अक्षरांत ‘संग्रहित’ किंवा ‘प्रातिनिधिक’ लिहिलेलं असतं. हे दोन शब्द वाचायची सवय प्रत्येक वाचकानं लावून घ्यावी. ‘संग्रहित’ म्हणजे हा फोटो या बातमीच्या दिवसाचा नाही, आमच्याकडे आधीपासून होता. ‘प्रातिनिधिक’ म्हणजे हा त्या घटनेचाच नाही, विषय कळावा म्हणून लावला आहे. अवकाळीनं द्राक्षं गेल्याची बातमी असेल आणि बाग दुसऱ्याच तालुक्यातली असेल, तर हा शब्द हवाच. तो नसला की वाचकाची फसवणूक होते, फोटो अस्सल असला तरी.

जुलै २०२१ मध्ये कोल्हापूरकडे पाणी वाढत होतं. आमच्या भावकीच्या ग्रुपवर शिरोलीजवळ पाण्याखाली गेलेल्या महामार्गाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘आत्ताची परिस्थिती, पुढे पाठवा.’ पुण्याहून निघालेला माझा चुलतभाऊ तो बघून साताऱ्यातच थांबला. मला तो फोटो ओळखीचा वाटला. मोबाइलमध्ये शोधला तर ऑगस्ट २०१९ पासून माझ्याकडेच पडून होता. गंमत अशी नाही की फोटो खोटा होता. शिरोलीचा महामार्ग २०१९ मध्ये पाण्याखाली गेला होता आणि २०२१ मध्येही पुढे तो पाण्यामुळे बंद झालाच. जागा खरी, पाणी खरं. खोटा होता तो ‘आत्ता’ हा एक शब्द. पुरात लोक त्याच शब्दावर घर सोडायचं की थांबायचं ते ठरवतात. म्हणून फोटो पुढे पाठवण्याआधी फोटोपेक्षा त्याच्या ओळीची चौकशी करा. कोणी काढला, कुठे, कधी. उत्तर मिळत नसेल तर तो फोटो तुमच्यापाशीच राहू द्या.

इथे एक तांत्रिक गोष्ट उपयोगाची आहे. मोबाइलनं काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कधी जागाही नोंदलेली असते. व्यावसायिक छायाचित्रकार तर पूर्ण ओळ, स्वतःचं नाव, गाव असं सगळं फाइलच्या आतच भरून पाठवतात. पण व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की ही नोंद गळून पडते. हातोहात फिरणाऱ्या फोटोला म्हणूनच ना आई ना बाप. त्याच्याबरोबर टिकते ती फक्त वरून टाइप केलेली ओळ आणि ती कोणीही टाइप करू शकतं. आता तर यंत्रानं तयार केलेली चित्रंही आली आहेत. अशा चित्राखाली ‘हे यंत्रानं बनवलेलं आहे’ ही ओळ नसेल, तर ते चित्र आपल्याला न घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार करून सोडतं.

कधीकधी खरी ओळ म्हणजे ‘माहीत नाही’ असं लिहिणं. डिसेंबर १९८४ मधल्या भोपाळ वायुगळतीनंतर मातीत अर्धवट पुरलेल्या एका बाळाच्या चेहऱ्याचा रघू राय यांनी काढलेला फोटो जगानं पाहिला. पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही त्याच बाळाचा रंगीत फोटो काढला, त्याला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. राय यांच्या फोटोचं नाव आहे, अनोळखी बालकाचं दफन. तिथे एखादं अंदाजानं मिळवलेलं नाव टाकता आलं असतं, किंवा काळजाला हात घालणारं विशेषण. त्यांनी ‘अनोळखी’ लिहिलं. नाणेघाटात नावं आहेत आणि चेहरे नाहीत. इथे चेहरा आहे आणि नाव नाही. त्या एका शब्दातून कळतं की त्या रात्री भोपाळमध्ये मेलेल्यांची ओळख पटवायलाही कितीजणांच्या घरात कोणी उरलं नव्हतं.

आतापर्यंत मी फोटो बघू शकणाऱ्यांबद्दल बोलले. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक लोकांना दृष्टीचं अपंगत्व असल्याची नोंद आहे. माझा एक मित्र त्यांच्यातला, बँकेत नोकरी करतो. मोबाइलवर टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए वापरतो. हे स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतात. मजकूर असेल तर. नुसता फोटो आला की त्याला ऐकू येतं, ‘फोटो’. बस. त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा टाइप केलेल्या नोटिशीचा फोटो आला. त्याला ‘फोटो’ ऐकू आलं, खाली वीस अंगठे ऐकू आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी नव्हतं. टाकीची सफाई असल्याचं त्या फोटोत लिहिलेलं होतं. खाली कोणी ‘उद्या सकाळी ८ ते २ पाणी बंद’ एवढं टाइप केलं असतं, तरी त्यानं बादल्या भरून ठेवल्या असत्या.

वेबसाइटवरच्या चित्रांसाठी याची स्वतंत्र सोय असते, तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. तो मजकूर पानावर दिसत नाही, स्क्रीन रीडर तो वाचतो. फोटोओळ आणि ऑल्ट टेक्स्ट यांची कामं वेगळी आहेत आणि इथे पुष्कळांचा घोळ होतो. ओळ बघणाऱ्याला न दिसणारं सांगते: नाव, गाव, दिवस, कारण. ऑल्ट टेक्स्ट न बघू शकणाऱ्याला दिसणारं सांगतो: पिवळ्या साडीतली वयस्क बाई, कपाळभर गुलाल, दोन्ही हातांनी डोळे पुसते आहे. म्हणून ओळ तशीच उचलून ऑल्ट टेक्स्टमध्ये चिकटवली की मित्राला नाव-गाव दोनदा ऐकू येतं आणि गुलाल एकदाही नाही. फेसबुकनं २०१६ पासून यंत्राकडून असं वर्णन करून घ्यायला सुरुवात केली आणि यंत्रं त्यात दिवसेंदिवस तरबेज होत आहेत. नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण यंत्र ‘दोन माणसं, झाड, हसू’ सांगेल. त्यातली एक तुमची आत्या आहे आणि ते झाड पाडलेल्या वाड्यातलं आहे, हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

गेल्या दिवाळीत मी माहेरी हेच काम घेऊन बसले. पत्र्याच्या डब्यात दीडशेच्या वर फोटो. एकाच्या मागे शाईनं लिहिलेलं, ‘बेबीच्या लग्नात’. आमच्या घरात तीन बेबी होत्या. साल नाही. थोरली आत्या चौऱ्याऐंशीची आहे आणि आता सांगणारी तीच एक. तिनं चष्मा पुसला, फोटो खिडकीकडे धरला आणि म्हणाली, ‘ही पनवेलची बेबी. मांडव बघ, नदीच्या बाजूचा.’ मी मागे मऊ पेन्सिलीनं लिहीत गेले. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई ओलीनं पसरते, म्हणून पेन्सिल. बसलेले, डावीकडून. उभे, डावीकडून. मागच्या रांगेत उजवीकडून दुसऱ्या, नऊवारीतल्या, हातात तांब्या घेतलेल्या बाईंपाशी आत्या अडली. खूप वेळ बघत राहिली. ‘ओठांवर आहे गं नाव. येत नाही.’

मी लिहिलं, ‘मागे उजवीकडून दुसऱ्या : नाव आठवले नाही’, आणि तारीख टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते, तर आत्या आतल्या खोलीतून ओरडली, ‘अगं, ती समोरच्या सोनारांची काकू! आमच्या पोरींच्या वेण्या घालायची ती.’ गाळणं तसंच ठेवून मी खोडरबर शोधायला गेले.